आठ एकर माळावर आळीपाळीची चराई जमेल का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सिन्नरच्या पूर्व भागात तुमची १२ एकर जमीन आहे. ४ एकर पेरणीची, उरलेला ८ एकर मुरमाड माळ. दावणीला २ गावठी गाई, वाड्यात २० शेळ्या आणि १० मेंढ्या. परदेशातले व्हिडिओ पाहून तुम्ही ठरवलंय की माळाचे दहा-बारा तुकडे पाडायचे, झटका मशीन (विजेचं कुंपण) बसवायचं आणि दर ३ दिवसांनी सगळी जनावरं पुढच्या तुकड्यात न्यायची. विचारलंय ते असं: यानं चारा दुप्पट होईल का, शेळ्या ५० पर्यंत नेता येतील का, आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे टिकेल का, आणि शेवटी, माळालगतच्या गायरानाचं काय करता येईल?

माळ सुधारेल, यात मला शंका नाही. चारा दुप्पट काय, तिप्पटही होऊ शकतो, पण त्याला तीन-चार पावसाळे लागतील आणि ते पावसाळे बरे हवेत. शेळ्या मात्र इतक्यात वाढवू नका. आणि ३ दिवसांचा नियम डोक्यातून काढा. तो ज्या देशांतून आलाय तिथला पाऊस वेगळा आहे.

सगळे कुंपणापासून सुरुवात करतात, म्हणून मी शेवटाकडून सुरुवात करतो. आळीपाळीच्या चराईत गवताला विश्रांती मिळते, त्यातून फायदा होतो. पण ज्या दिवशी गवत विश्रांती घेतं त्या दिवशीही जनावराला भूक लागतेच. त्या दिवसांचा चारा कुठून आणायचा, याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर ही पद्धत चालते. नसेल तर आठ तुकडे करा नाहीतर अठरा, श्रावणात कोणीतरी दया येऊन फाटक उघडतंच. या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला हीच एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून पुढचं सगळं त्याभोवतीच लिहितोय.

गवत परत फुटतं कारण त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत, ठोंबाच्या बुडात असतो. शेंडा खाल्ला तरी कोंब शाबूत राहतो. पण नवीन पान काढायला लागणारं अन्न हिरव्या पानातूनच येतं, आणि पानच उरलं नाही तर बुडात न् मुळात साठवलेलं खर्चावं लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या क्रायडर यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या विषयात आजही सांगितले जातात: निम्म्याहून जास्त पाला एका वेळी काढला की मुळांची वाढ थांबते, आणि जितका जास्त काढाल तितके जास्त दिवस थांबून राहते. आता आपल्या माळाचा विचार करा. गवताला खऱ्या अर्थानं वाढायला वर्षात शंभर-सव्वाशे दिवस मिळतात, त्यातही जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवसांची उघडीप ठरलेली. त्या शंभर दिवसांत तीन-चारदा मुळं थांबली तर ठोंब पुढच्या उन्हाळ्यात मरतो. तुमच्या माळावर आज पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची चांगली गवतं दिसत नसतील, नुसती कुसळं, टाकळा आणि गाजरगवत माजलं असेल, तर त्यामागे हेच आहे. पाऊस कमी झाला म्हणून नाही गेलं ते गवत.

फ्रान्समधल्या नॉर्मंडीत आंद्रे व्हॉयझाँ नावाचा संशोधक स्वतः गाई पाळायचा. १९५० च्या दशकात त्यानं सांगितलेल्या दोन अटी अजून कोणाला खोडता आलेल्या नाहीत: दोन चराईंमध्ये गवत पूर्ण सावरेल इतका काळ गेला पाहिजे, आणि एका तुकड्यात जनावर इतकं थोडं थांबलं पाहिजे की नुकतंच फुटलेलं कोवळं पान त्याच फेरीत परत खाल्लं जाणार नाही. जनावर मोकळं सोडलं तर नेमकं हेच करतं. काल खाल्लेल्या ठोंबाला आलेली कोवळी फूट गोड लागते, म्हणून तिथंच परत तोंड घालतं आणि शेजारचं जून गवत तसंच उभं राहतं. त्यामुळे थोडी जनावरं असूनही माळाचा अर्धा भाग खरवडलेला आणि अर्धा वाया गेलेला दिसतो.

पण नॉर्मंडीत वर्षभर पाऊस पडतो. तुमच्या व्हिडिओतल्या न्यूझीलंडमध्येही गवत बहुतेक महिने हिरवं असतं. विजेचं कुंपण १९३० च्या दशकात तिथंच रुळलं. तिथं २०-२५ दिवसांत तुकडा पुन्हा तयार होतो, म्हणून कॅलेंडर लावून जनावरं फिरवता येतात. आपल्याकडे आर्द्रात ओढ बसली तर तोच तुकडा ५० दिवसांतही तयार होणार नाही, आणि मघा चांगली बरसली तर २५ दिवसांत कमरेला लागेल. तारखेवर फिरवलं की चुकणारच.

झिंबाब्वेचे अ‍ॅलन सेव्हरी यांचं २०१३ मधलं भाषण तुम्ही पाहिलं असेल. दाट कळप फिरवला की वाळवंटही हिरवं होतं, अशी त्यांची मांडणी आहे. ऐकायला फार छान वाटतं. पण डेव्हिड ब्रिस्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जगभरातल्या चराई प्रयोगांचा आढावा घेतला तेव्हा कोरड्या कुरणांवर नुसत्या फिरवण्यामुळे चारा किंवा जनावराचं वजन सातत्यानं वाढल्याचं दिसलं नाही. माळावर किती जनावरं आहेत आणि पाऊस किती झाला, यावरच बहुतेक सगळं ठरत होतं. मी हा आढावा आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगतो, कारण त्यातून दोन्ही बाजूंनी शिकायला मिळतं. त्या प्रयोगांतली तुलना होती ती मर्यादित जनावरं सतत चारलेल्या कुरणाशी. आपल्याकडची परिस्थिती तशी नाही. गावच्या माळावर मृगाचा पहिला कोंब दिसल्यापासून शेवटची काडी संपेपर्यंत सगळ्यांची सगळी जनावरं फिरत असतात. अशा ठिकाणी नुसती विश्रांती दिली तरी फरक डोळ्यांना दिसतो. राळेगण सिद्धी आणि हिवरे बाजार इथल्या चराईबंदीनं ते दाखवलंय; हिवरे बाजारला लोक माळावरचं गवत विळ्यानं कापून आणतात आणि जनावर गोठ्यात राहतं. चराईबंदी म्हणजे विश्रांतीचं एक टोक. तिचा भार ज्यांच्याकडे जमीन नाही आणि फक्त शेळ्या आहेत अशांवर जास्त पडतो, हेही खरं, आणि आदर्श गावांच्या कौतुकात ते सहसा सांगितलं जात नाही.

आता तुमचा हिशेब करू. उजाड मुरमाड माळ, पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास: हेक्टरी साधारण १ टन वाळलं गवत धरा. तुमचे ८ एकर म्हणजे ३.२ हेक्टर, म्हणजे ३,२०० किलो. त्यातलं निम्मं जमिनीवर राहू द्यायचं. वापरायला उरलं १,६०० किलो. शेळी-मेंढीला दिवसाला किलोभर कोरडा चारा धरला तर ३० नगांना ३० किलो, दोन गाईंना मिळून १५ किलो. रोजचे ४५ किलो. १,६०० भागिले ४५, म्हणजे साधारण ३५ दिवस.

म्हणजे आजच्या अवस्थेत तुमचा सगळा माळ तुमच्या कळपाला वर्षातले पाच आठवडे पोसू शकतो. बाकीचे ४७ आठवडे तुम्ही बांधावर, रस्त्याकडेला, गायरानात, ओढ्यात किंवा माळाच्या मुळांवर जगताय. हिशेब मुद्दाम कडक धरलाय. शेळीच्या पोटात निम्मा तरी झाडपाला जातो, बोरी-बाभळी-हिवराचा, त्यामुळे गवतावरचा भार थोडा हलका होतो; उलट करडं आणि कोकरं मी धरलेलीच नाहीत. तीन-चार वर्षांनी पवन्या-मारवेलचं गवत परत आलं आणि हेक्टरी ३ टनांवर गेलं तर हाच कळप साडेतीन महिने निघेल. शेळ्या ५० केल्या तर तेव्हाही फक्त दोन महिने. म्हणून म्हटलं, इतक्यात वाढवू नका. वाढवायच्याच असतील तर शेवरी (चाऱ्याच्या पाल्याचं झाड) आणि मुरघासावर (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) वाढवा, माळाच्या भरवशावर नको.

यातली नाजूक वेळ म्हणजे मृग ते पुष्य. पहिला पाऊस पडतो, आठ-दहा दिवसांत माळावर पोपटी लव चढते, उन्हाळाभर सरमाड, म्हणजे बाजरीची वाळलेली ताटं, चघळून कंटाळलेली जनावरं दावं तोडायला लागतात. त्या कोवळ्या गवतात ऐंशी टक्के पाणी असतं. पोट भरल्यासारखं दिसतं, जनावर हगवणीला लागतं, आणि ठोंबानं उन्हाळाभर जपलेली शेवटची शिदोरी त्याच घासात जाते. वर्षभर काहीही फिरवू नका, पण हे सहा आठवडे माळ बंद ठेवा, तरी मी म्हणेन तुम्ही निम्मं काम केलंत. मेंढ्यांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. एकदम कोवळ्या चाऱ्यावर गेल्या की आंत्रविषारानं (आतड्यात विष तयार होणारा रोग) चांगल्या धडधाकट मेंढ्या रात्रीत पडतात. त्याची लस मे महिन्यातच टोचून घ्या, पाऊस सुरू झाल्यावर धावाधाव नको.

सहा आठवडे गुणिले ४५ किलो म्हणजे जवळपास २ टन कोरडा चारा. हा चारा दिवाळीतच वेगळा रचायचा आणि वैशाखात कितीही मोह झाला तरी त्याला हात लावायचा नाही. दोन एकर बरी पिकलेली बाजरी असली तर सरमाड तेवढं होतं. पण नुसत्या सरमाडावर शेळ्या राहणार नाहीत. निवडून खातील, उरलेलं तुडवतील. कुट्टी करा, त्यात तुरीचं किंवा हरभऱ्याचं भुसकट मिसळा, वरून शेवरीचा पाला. बांधावर शेवरी आणि थोडी सुबाभूळ आजच लावायला घ्या. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत ठेवा, जास्त झाली तर केस गळतात, गाभण जनावराला त्रास होतो. गाईंसाठी सरमाडावर युरिया प्रक्रिया करता येते: १०० किलो कोरड्या चाऱ्याला ४ किलो युरिया, ५०-६० लिटर पाण्यात विरघळवून, थरावर थर शिंपडून, दाबून, झाकून २१ दिवस. वासरांना आणि करडांना तो चारा देऊ नये.

विक्रीचंही गणित यात बसतं. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला; दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. म्हणजे आणखी काही वर्षं बोकडांचा चांगला भाव उन्हाळ्याच्या शेवटी मिळणार आहे, आणि नेमका मृगाच्या तोंडावर कळप हलका होणार आहे. याचा फायदा घ्या.

पुष्य संपता संपता माळावर जाऊन हातानं मापा. गवत वीतभर उंच झालं की तुकडा उघडायचा, मुठीएवढी उंची उरली की बंद करायचा. आत जायला वीत, बाहेर यायला मूठ, एवढंच माप गुराख्याला सांगा. तो तारीख विसरेल, वीत विसरणार नाही. आणि सगळ्यात जास्त खाल्लेलं ठोंब बघायचं, सगळ्यात उंच बघायचं नाही. माळ लांबून हिरवा दिसतो आणि चांगलं गवत बुडाशी गेलेलं असतं.

तुकडे किती? झाशीची भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था निमकोरड्या भागासाठी साधारणपणे चार भाग करायला सांगते: त्यातला एक भाग आलटूनपालटून संपूर्ण पावसाळाभर राखायचा आणि उरलेल्या तिघांत चारायचं. मला ही पद्धत आपल्या माळासाठी सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण राखलेल्या भागात गवत निसवतं, बी पडतं आणि पुढच्या वर्षीचं नवीन ठोंब तिथून येतं. तुमच्याकडे ८ एकर आहेत तर एकेक एकराचे ८ तुकडे करा. त्यातले २ यंदा राखीव, पुढच्या वर्षी दुसरे २. चार वर्षांत प्रत्येक तुकड्याला एकदा पावसाळाभर विश्रांती मिळते. उरलेल्या ६ तुकड्यांत प्रत्येकी ७ दिवस थांबलं तर एका तुकड्याला ३५ दिवस विश्रांती मिळते. हे सुधारलेल्या माळाचं गणित. यंदा तुमच्या माळावर एक एकर हा कळप दोन-तीन दिवसांतच मुठीपर्यंत आणेल. मग पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा, आणि सहा तुकडे पंधरा-अठरा दिवसांत संपले की पहिला तुकडा अजून तयार नसेल. तिथं खरी परीक्षा आहे. त्या वेळी कळप गोठ्यात घ्यायचा आणि बांधावरचं गवत, शेवरी, मक्याचा हिरवा चारा कापून घालायचा. पहिला तुकडा वीतभर होईपर्यंत, मग ते १५ दिवस असोत की २५. वाढ जोरात असेल तेव्हा फेरी वेगानं, वाढ थंडावली की फेरी सावकाश. लोक नेमकं उलटं करतात: ओढ बसली, गवत कमी पडतंय म्हणून जनावरं भराभर पुढे ढकलतात आणि महिन्याभरात सगळे आठ तुकडे सारखेच उजाड होतात.

तुकडे पाडताना चौकोनी नकाशा काढू नका. असलेले बांध, ताली, ओघळ यांच्याच रेषा धरा. उताराला आडवे तुकडे ठेवा, म्हणजे जनावरांची पायवाट उतारावर सरळ पडून तिची घळ होणार नाही. पाण्याची एकच जागा असेल तर सगळ्या तुकड्यांची तोंडं तिकडे येतील असं बघा. कुठं काळ्या मातीचा पट्टा असेल तर भर पावसात त्यावर गाई नेऊ नका, खूर रुततात आणि जमीन दगडासारखी घट्ट होते. मुरमाला तो धोका नाही.

हस्त-चित्रानंतर आपलं गवत वाढायचं थांबतं. व्हिडिओवाले हा भाग सांगत नाहीत, कारण त्यांच्याकडे तो इतका लांब नसतो. ऑक्टोबरनंतर खाल्लेलं गवत जूनपर्यंत परत येणार नाही. तेव्हाची आळीपाळी म्हणजे नुसतं शिधावाटप आहे. तरीही ती करा, कारण सगळा माळ एकदम उघडला तर चांगलं ते पहिल्या महिन्यात संपतं, उरलेलं तुडवून वाया जातं. राखीव तुकड्यांपैकी एकातलं गवत फुलोऱ्यात असताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, कापून वाळवा. त्याच्या पुढे गेलं की पौष्टिकपणा झपाट्यानं उतरतो आणि काडी उरते. दुसरा राखीव तुकडा बी झडेपर्यंत उभा ठेवा. त्याच पंधरवड्यात वर्षाचा चारा मोजायला बसा. गंजीत किती, माळावर किती, रोज लागतं किती. कमी पडत असेल तर जनावरं दिवाळीच्या आधी विका. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ हे तिन्ही दुष्काळ आपण पाहिलेत. छावणी निघेपर्यंत थांबलेल्यांनी जनावरं मिळेल त्या भावाला दिली, ऑक्टोबरात निर्णय घेतलेल्यांना अंगावरच्या मांसाचे पैसे मिळाले.

आता जनावरांविषयी. गाय जिभेनं गवत गुंडाळून ओढते, त्यामुळे तिला फार बुडाशी जाता येत नाही. मेंढीचा वरचा ओठ चिरलेला, ती जमिनीला तोंड टेकवून कातरते. शेळी मान वर करून झाडोरा शोधते. तिघांना एकदम सोडलं तर माप मेंढीचंच लागू होतं. गाई आधी, त्यांच्यामागून मेंढ्या, तेही थोडा वेळ, अशी जोडी चांगली बसते. शेळ्यांना बोरीची आणि हिवराची बाजू दाखवा, पण नवीन लावलेल्या शेवरीपासून ती कमरेएवढी होईपर्यंत लांब ठेवा. घाणेरी कुठं असेल तर खणून काढा. भुकेलं जनावर ती खातं आणि मग कावीळ होऊन अंगाची कातडी उन्हानं सोलवटते.

जंतांच्या बाबतीत आळीपाळी उपयोगी पडते, पण आपोआप नाही. लेंडीतून पडलेल्या अंड्यांतून पावसाळ्यात आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि दव पडलेल्या पानावर चढतात. दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवर शेळ्यांवर झालेल्या प्रयोगांत दहा तुकडे पाडून प्रत्येकात साडेतीन दिवस चारलं, तेव्हा कळप परत येईपर्यंत बहुतेक अळ्या उष्ण दमट हवेत मरून गेल्या होत्या आणि औषधाची गरज बरीच कमी झाली. आपल्याकडे सात-आठ दिवस एकाच तुकड्यात थांबलात तर त्याच फेरीत अळ्या खाल्ल्या जाऊ शकतात. म्हणून जुलै ते ऑक्टोबर शक्य तिथं मुक्काम पाच दिवसांच्या आत आणा, एक एकराचे दोन भाग गुराख्यानंच धरले तरी चालेल. सकाळी दव उतरल्यावर सोडा. मुठीएवढा बुडखा राखायचं दुसरं कारणही हेच: अळ्या बहुतेक खालच्या दोन-तीन बोटांतच असतात. सगळ्या कळपाला दर दोन महिन्यांनी औषध पाजत बसू नका, त्यानं जंत औषधाला दाद देईनासे होतात. डोळ्याची खालची पापणी उलटून बघा. लालगुलाबी असेल तर सोडून द्या, पांढुरकी असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर त्या नगाला पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं औषध द्या.

कुंपणावर मी मुद्दाम उशिरा आलो. झटका मशीन चांगली वस्तू आहे, पण मुरमाड माळावर उन्हाळ्यात जमीन इतकी कोरडी पडते की अर्थिंग मिळत नाही आणि झटकाच बसत नाही. अर्थिंगचे गज जास्त ठोकावे लागतात, ते ओले ठेवावे लागतात, किंवा तारांमध्ये एक अर्थिंगची तार ओढावी लागते. मेंढीला लोकरीमुळे झटका जाणवत नाही, तार नाकाच्या उंचीला हवी. शेळीला आधी शिकवावं लागतं आणि शिकवूनही एखादी अशी निघते की सगळ्या कळपाला उडी मारायला शिकवते. घरातली लाइट थेट तारेत सोडण्याचा विचार कोणी सुचवला तर ऐकू नका. माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. तुमच्या कळपाला मला गुराखीच बरा वाटतो. दहा-बारा तुकड्यांच्या तारेत जाणारा पैसा शेवरीत, कुट्टी यंत्रात आणि रात्रीच्या पक्क्या वाड्यात घाला. तुमच्या भागात बिबट्या आहे, माळाच्या बाजूला लांडगेही असतात. वरून जाळी असलेला वाडा आधी, बाकी नंतर. तार लावायचीच तर फक्त दोन राखीव तुकड्यांना लावा, कारण तिथंच शेजाऱ्याचं जनावर घुसतं.

नवीन गवत लावायची घाई पहिल्या वर्षी करू नका. आधी एक पावसाळा राखून बघा, काय उगवतं ते. बऱ्याच माळांवर बांधाच्या आडोशाला, निवडुंगाच्या काट्यात पवन्याची चार ठोंबं जगून असतात आणि राखण मिळाली की पसरतात. नसेलच काही तर मारवेलची ठोंबं पावसाळ्यात लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे मारवेलचे वाण मिळतात. जोडीला स्टायलो हे शेंगवर्गीय चारापीक, एकरी दोनेक किलो बी. त्याचं टरफल कठीण असतं, ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून मग सावलीत वाळवून पेरा, आणि अगदी उथळ पेरा. पेरलेल्या तुकड्यात पहिलं वर्ष जनावर घालू नये. फेब्रुवारीच्या आत माळाभोवती जाळरेषा (वणवा अडवणारी मोकळी पट्टी) काढून ठेवा. एका वणव्यात तीन वर्षांची कमाई जाते, आणि जाळलं की चांगलं फुटतं हा आपल्याकडचा समज या पातळ मुरमावर महागात पडतो.

सुधारणा होतेय का हे कसं कळणार, तर दरवर्षी दसऱ्याच्या आसपास माळावरून एकाच रेषेत १०० पावलं चाला. प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाखाली काय आलं ते मोजा: उघडी माती, कुसळं, की चांगलं गवत. उघडी माती ६० वरून ४० वर आली तर चराई बरोबर चाललीय. दोन वर्षं आकडा हलला नाही तर जनावरं जास्त आहेत, मग फेरी कितीही नीट असो.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, माळालगतच्या गायरानाचा. ते तुमचं एकट्याचं नाही, तिथं ग्रामसभेशिवाय काही होणार नाही, आणि एकट्यानं कुंपण घालून तर अजिबात नाही. पण एक गोष्ट तुम्हाला करता येईल. दिवाळीनंतर मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारे तांडे, तुमच्या भागातून जातात. फलटण-माण भागातले धनगर पावसाळा आपल्या कोरड्या मुलखात काढून थंडीत मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात. आळीपाळीची चराई जिल्ह्यांच्या अंतरानं ते कित्येक पिढ्या करत आलेत. तुमच्याकडून जाणाऱ्या वाड्याला पेरणीच्या ४ एकरांत बाजरीच्या धसकटांवर काही रात्री मेंढरं बसवायला सांगा, माळावर नाही. लेंडी-मूत थेट शेतात पडतं, त्यावर पुढच्या हंगामात जो जास्तीचा चारा येईल तोच मृगातले सहा आठवडे तुमचा माळ बंद ठेवायला कामी येईल. बसवण्याचा मोबदला धान्यात की पैशात ते आधी ठरवा, आणि वाड्याला पाण्याची सोय तुम्ही करायची आहे हे लक्षात ठेवा.